चिंधीची निरगाठ

मावशी,

तुझं गाठोडं मी परवा सोडलं. सोडलं म्हणजे काय, एक टोक धरून ओढलं आणि ते उघडलं. दवाखान्यात निघताना धाप लागलेली असूनही ते तू स्वतःच्या हाताने बांधलं होतंस. मी म्हटलं, आण इकडे, मी बांधते, तर माझ्या हातावर चापट मारलीस. ‘तू नगं. तुझी गाठ सोडायला सुतार बोलवावा लागतो.’ आत दोन पातळं, चष्म्याचं घर, औषधाची अर्धी संपलेली पट्टी आणि माझ्या लग्नाच्या वेळी घेतलेली तुझी ती हिरवी शाल, जी तू कुणाच्या लग्नातही वापरली नाहीस. तू गेलीस तरी तोपर्यंत मी रडले नव्हते. बायका एकमेकींकडे बघत होत्या, शिकलेली पोरगी, काळजाला पीळ नाही म्हणत असतील. ते गाठोडं इतक्या सहज सुटलं तेव्हा मात्र मी तिथेच खाली बसले.

तुझ्या लेखी माणसं दोनच प्रकारची, सुरगाठ मारणारी आणि निरगाठ मारणारी. सुरगाठ एका ओढीत सुटते. निरगाठ ओढावी तेवढी आवळते. मी दुसऱ्या प्रकारातली. आई गेली तेव्हा मी सातवीत होते, आणि तू मला जुन्नरहून महाळुंग्याला घेऊन आलीस. माझ्या दप्तराच्या तुटक्या बंदाला निरगाठ, डब्याच्या फडक्याला निरगाठ, शेळीच्या दाव्याला तर दोन. ‘सुजे, ही गाठ हाय का कुलूप?’ तू विचारायचीस आणि नखांनी, नाहीच जमलं तर दातांनी ती सोडत बसायचीस. मी डावखुरी. तू समोर बसून शिकवायचीस आणि माझे हात उलटेच चालायचे. शेवटी कपाळाला हात लावून म्हणायचीस, ‘जाऊ दे. हुशार हाय पोरगी, हाताचं काय घेऊन बसायचं.’

या दहा-बारा दिवसांत लोक मला विचारतात, मावशी काय करायच्या? गेल्या आठवड्यात कॉलेजात एकीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, शेतमजुरी. मग माझा मलाच राग आला. तू टोळीची मुकादम होतीस. बारा बायांची टोळी. सकाळी सातला महाळुंग्यातून जीप भरायची आणि जुन्नरकडच्या द्राक्षबागांत जायची. मणी बाजरीएवढे झाले, ज्वारीएवढे झाले, तू लांबून बघून सांगायचीस आणि बागवाले तुझ्या सांगण्यावर डिपिंगचा दिवस धरायचे. डिपिंग म्हणजे मणी फुगवणाऱ्या जीएच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा. हातात पाण्याचा मग, वर मांडव, मान दिवसभर आभाळाकडे. घड मगात घालायचा, काढायचा, हलक्या हाताने झटकायचा, पुढचा. बाया गाणी म्हणायच्या, तू म्हणायची नाहीस. तू मोजत असायचीस.

आणि तुझी ती चिंधी. संध्याकाळी काम थांबलं की तू कमरेला खोचलेली लाल काठाची चिंधी काढायचीस आणि ज्या ओळीपर्यंत काम झालं त्या ओळीच्या पहिल्या खांबाला बांधायचीस. इथवर झालं. दुसऱ्या दिवशी बायांनी चिंधी बघायची आणि तिच्या पुढच्या ओळीपासून सुरू करायचं. सगळ्या ओळी सारख्या, सगळे घड सारखे, बुडवलेला घड वाळला की न बुडवलेल्यासारखाच दिसतो. इतर टोळ्यांत यावरून रोज वाद व्हायचे. तुझ्या टोळीत कधी नाही. चिंधी म्हणजे तुझा शब्द होता. तिच्यावर कुणी शंका घेत नव्हतं, बागेचे मालक तात्यासुद्धा नाहीत.

मी बी.एस्सी.ला गेले आणि घरी येऊन तुला शिकवायला लागले. किती अगोचर होते गं मी. जेवायला बसलं की माझं सुरू. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, ते खत नाही, औषध नाही, ते संप्रेरक आहे, म्हणजे झाडाच्या अंगातला निरोप्या. बी असलेल्या द्राक्षात बीच तो निरोप पाठवतं, मण्या, वाढ. आपल्या द्राक्षात बी नसतं, म्हणून निरोप जात नाही आणि मणी बारीक राहतो. मगात बुडवून तुम्ही तोच निरोप बाहेरून देता. तू भाकरी मोडता मोडता थांबलीस.

‘म्हंजी आमी येलाला खोटं सांगतो म्हण की. पोटात बी हाय, बी हाय.’

‘खोटं असं नाही...’

‘खोटंच की गं. बी न्हाई तरी फुगीवतो.’ मग हसलीस. ‘मला न्हाई कुणी मगात बुडीवलं. मी आपली शिडलेसच ऱ्हायले.’

दुसऱ्या दिवशी तू हा विनोद टोळीत सांगितलास आणि बाया पोट धरून हसल्या. तुझी जिवाभावाची शालनमावशी सगळ्यात जास्त, तिच्या हातातला मग सांडला. मी हसले नाही. मला तेव्हाही कळत होतं की तुझ्या ताटाला ताट लावून बसलेली मी होते, आणि तू माझ्यासमोर स्वतःला बिनबियाची म्हणत होतीस. ‘मग मी कोण?’ हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. ते पहिलं न बोललेलं. पुढे अशांची रांगच लागली.

आपला वाद आठवतो? तो कधी मिटलाच नाही. तू म्हणायचीस, फुगवलेलं टिकत नाही. जास्त जीए मारलेल्या बागेतला मणी तू जिभेवर फिरवायचीस, साल दातांनी वेगळी करायचीस आणि सांगायचीस, ‘ह्या बागंला बुरशी येणार. साल बघ, कांद्याच्या पापुद्र्यावानी.’ आणि यायची. मी म्हणायचे, मावशी, हा अंदाज झाला, शास्त्र नाही. मग मी शास्त्र सांगायचे. प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. पेशीला वाढायचं तर आधी भिंत सैल व्हावी लागते. संप्रेरक येऊन भिंतीला म्हणतं, सैल हो. आत पाण्याचा दाब असतोच, तो ढकलतो आणि पेशी ताणली जाते. पण भिंतीला लागणारा नवा माल त्याच वेगाने येत नाही, म्हणून साल पातळ पडते, वरच्या मेणाला बारीक चिरा जातात. बुरशीला दार लागत नाही, फट पुरते. शिवाय भिंत विरघळवायचा रस तिच्या अंगातच असतो.

‘वाढत्या अंगाचं कापड उसवतं,’ तू म्हणालीस. ‘त्यात येवढं सांगायचं काय?’

मी चिडले. पुढचं तर तुला सांगायचंच राहिलं होतं, आणि त्यात मी थोडी बरोबर होते, ऐक. सगळं जीए वाईट नसतं. फुलोऱ्याच्या आधी थोडं दिलं तर घडाचा दांडा लांबतो, मण्यांत अंतर पडतं, हवा खेळते, उलट बुरशी कमी येते. वाईट ते मागचं, मणी फुगवायचं, प्रमाणाबाहेर दिलेलं. मणी एकमेकांना चेपतात, मधे ओल साठते. आणि झाडाच्या अंगात दुसरीही संप्रेरकं असतात, ती राखण करतात, बुरशी आली की भिंती जाड करायला सांगतात. पण झाड एका वेळी दोन्हीकडे पुरं पडत नाही. वाढीचा निरोप मोठ्याने चालला असेल तर राखणीचा ऐकू येत नाही. हे मी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, घरात बी असंच असतंय. पण तोवर तू द्राक्षाच्या बागेत जात नव्हतीस. आणि ते माझ्यामुळे.

आता सांगते. बारा वर्षं घशात धरून ठेवलेलं सांगते.

दुसऱ्या वर्षाला होते. प्रकल्पासाठी तात्यांच्या बागेतले वीस घड निवडले होते. कॉलेजातून मोजपट्टी आणली होती, जबड्यात मणी धरून जाडी सांगणारी. संध्याकाळी तुमचं काम संपल्यावर मी मणी मोजायचे. माझ्या ओळीला मी खुणेची लोकर बांधली होती ती तुटून कुठेतरी पडली. त्या संध्याकाळी जीपवाला हॉर्न वाजवत होता, तुम्ही सगळ्या बांधावरून चालू लागला होता. मला खूण हवी होती. समोर तुझी चिंधी. एका ओढीत सुटली. चार ओळी मागे आले, माझ्या ओळीच्या खांबाला ती बांधली आणि पळत जीप गाठली. सकाळी बायांच्या आधी जाऊन परत जागेवर बांधायची असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण सकाळी निरोप आला की प्रॅक्टिकलच्या वह्यांवर आजच सह्या, आणि मी एसटी धरून जुन्नरला गेले. चिंधी डोक्यातून पार निघून गेली होती. चिंधीच होती ना ती माझ्यासाठी.

त्या दिवशी तू टाकीपाशी जीए कालवत होतीस. शालनमावशीने चिंधी बघितली आणि बायांना पुढच्या ओळीला लावलं. चार ओळी पुन्हा बुडाल्या. दुपारी ते तुझ्या लक्षात आलं. तू तात्यांना जाऊन सरळ सांगितलंस, माझी चूक झाली, चिंधी चुकीच्या ओळीला बांधली गेली. तात्या आधी हसले. फुगवण चांगली होईल म्हणाले. झालीही. महिन्याभराने त्या चार ओळी बघायला शेजारचे बागवाले यायचे. एकेक मणी जांभळाएवढा, चकाकणारा. तात्या लोकांना चहा पाजत होते.

मग चार दिवस धुकं पडलं आणि पाचव्या दिवशी भुरभुर आली. एवढीच, धूळ बसेल इतकी. बाकीची बाग तरली. त्या चार ओळींतले मणी देठापाशी तडकले आणि तीन दिवसांत घडाघडांवर राखाडी लव आली. तिथून ती कूज शेजारच्या ओळींत सरकली. तात्या तुला चार लोकांत बोलले. शब्द मी इथे लिहीत नाही, तू ते कधी घरी उच्चारले नाहीस. पुढच्या हंगामात त्यांनी दुसरी टोळी आणली, आणि त्यांच्याकडे बघून बाकीच्यांनीही. टोळी मोडली.

त्यापेक्षा वाईट झालं ते शालनमावशीचं. ती आणि तू एकाच वर्षी महाळुंग्यात नांदायला आलात, एकीची भाकरी दुसरीच्या तव्यावर. मावसा पुण्याला गेले आणि परतायचे थांबले तेव्हा हीच बाई तुझ्या ओट्यावर येऊन झोपायची. ती पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, ‘बारा बायांचं नाव घालीवलं तुझ्या एका चिंधीपायी. मी त्या दिशी म्हणले व्हते, घड बुडवल्यावानी लागत्यात. पर म्हणलं, कलाची चिंधी हाय. इस्वास टाकला ना!’ तू हंडा उचललास आणि घरी आलीस. त्यानंतर तुम्ही बोललाच नाहीत. गल्ली एक, विहार एक, वर्षं बारा. ती स्वतःची टोळी घेऊन द्राक्षात जात राहिली आणि तू लोणीकडे कांदे काढायला जाऊ लागलीस, खाली मान घालून करायचं काम. एकदा म्हणालीस, ‘बरं हाय. मान दुखत न्हाई.’

मी का बोलले नाही? आधी भीतीने, तात्या मोजायला येऊ देणार नाहीत म्हणून. मग लाजेने. मग वेळ गेली म्हणून. मनाची एक समजूत काढून ठेवली होती, की तुला वाटतंय तूच विसरभोळेपणाने चुकीच्या खांबाला बांधलीस, आणि वय झालं की माणसं चुकतातच. तेव्हा तुझं वय पंचेचाळीसही नव्हतं.

आणि खरी लाजिरवाणी गोष्ट ही की त्याच चार ओळींनी मला घडवलं. दोनदा बुडवलेल्या मण्यांची साल सूक्ष्मदर्शकाखाली मीच पाहिली. ताणलेल्या, विरळ भिंती आणि त्यांतून आरामात चाललेले बुरशीचे धागे. त्या चित्राने मला वेड लावलं. पुढे पीएच.डी.ही त्याच विषयावर केली. जाड पुठ्ठ्याचा प्रबंध घेऊन आले तेव्हा तू हात धुऊन, पदराला पुसून तो हातात घेतलास. ‘ह्यात मी कुठं हाय?’

मी ऋणनिर्देशाचं पान काढून वाचून दाखवलं. मार्गदर्शक, प्रयोगशाळा, बागायतदार, आणि ‘बागेतील मजूर भगिनी’.

‘भगिनी म्हंजी भैन ना गं?’ तू म्हणालीस. ‘मंग मी तुझी भैन झाले व्हय! मावशी व्हते ती बरी व्हते.’

दोघी हसलो. मग तू विचारलंस, हे सगळं सुचलं कुठून? मी म्हटलं, त्या वर्षी तात्यांच्या बागेत चार ओळी दोनदा झाल्या होत्या ना, तिथून. तू बराच वेळ त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होतीस. ‘म्हंजी चूक झाली म्हणून डिग्री भेटली. बरं झालं मंग. कुणाला तरी गोड लागली ती द्राक्षं.’ त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तू उठून चहा टाकायला गेलीस. मला वाटलं, सुटले.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात शालनमावशी आली नाही. तू दोनदा दाराकडे बघून विचारलंस, कोण हाय? कुणी नव्हतं.

परवा गाठोडं सोडल्यावर मी तात्यांकडे बागेत गेले. विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला या म्हणून सांगायचं निमित्त होतं. बाग आता निम्मीच उरली आहे, बाकी टोमॅटो. तात्या थकलेत. मला मॅडम म्हणतात, खुर्ची देतात. मी बसले नाही, उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. लोकर, हॉर्न, चिंधी, वह्यांवरच्या सह्या.

तात्यांनी रिकाम्या खुर्चीवर हात टेकला. मग म्हणाले, ‘मला म्हाईत न्हवतं. पर तिला व्हतं.’

‘कसं?’

‘मी हितं, त्या खांबापशी उभा व्हतो. भर दुपारी ती चिंधी सोडाया आली. सुटंना. कलाबाईची गाठ मी कैक वर्सं बघितलेली, एका झटक्यात सुटायची. त्या दिशी तिची नखं मोडली. शेवटाला दातानं सोडली बघा. मी इचारलं, आज काय झालं ह्या गाठीला? लई वेळ त्या चिंधीकडं बघत ऱ्हायली. मंग म्हणली, दवानं आवळली.’ तात्यांनी चष्मा काढला. ‘बारा वाजता दुपारी, मॅडम. कसलं दव? मला तवाच कळायला पायजे व्हतं. मी उलटं तिला चार लोकांत बोललो.’

माझी निरगाठ. जगात दुसरं कुणी तशी मारत नाही असं तू म्हणायचीस. तुला त्या दुपारीच कळलं होतं, मी अजून एसटीत असेन तेव्हाच. त्या संध्याकाळी मी घरी आले तर तू काहीच बोलली नाहीस. जेवण झाल्यावर फक्त मला समोर बसवलंस, फडक्याचा तुकडा हातात दिलास आणि म्हणालीस, ‘सुजे, आज सुरगाठ शिकूनच उठायचं.’ दहा वेळा बांधायला लावलंस, दहा वेळा चुकले. मी वैतागून म्हटलं, आजच काय एवढं? तू म्हणालीस, ‘आजच.’ मला ती तुझी नेहमीची कटकट वाटली. तू मला जागा करून देत होतीस गं बोलायला, दहा वेळा. मी गाठीकडे बघत राहिले.

निघताना तात्या म्हणाले, ‘मला एकट्याला सांगून काय उपेग? माझं वझं तेवढं वाढीवलं तुमी. बायांम्होरं सांगा. शालनला सांगा.’

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. विहार भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, लोक तुझ्याविषयी दोन दोन शब्द बोलले. कष्टाळू होती, मायाळू होती, बहिणीची पोर स्वतःची म्हणून वाढवली. तात्या उठले आणि नुसते हात जोडून खाली बसले. शालनमावशी आली होती, अगदी मागे, चपलांपाशी बसली होती, यायचं की नाही हे अजून ठरत नसल्यासारखी. मग माझं नाव पुकारलं. मी वर्गात दिवसाला चार तास बोलते, मावशी. काल आधी तुझ्या फोटोकडे बघून घेतलं.

मी भाषण केलं नाही. शालनमावशीकडे बघून सांगितलं. चिंधी कुणी सोडली, कुठे बांधली, कशी बांधली. मावशीला ते त्याच दुपारी कळलं होतं हेही सांगितलं. गाठ सुटेना, तिने दातांनी सोडली, तात्यांनी विचारलं तर दवाने आवळली म्हणाली, आणि मरेपर्यंत तेच धरून राहिली. तुमचं नाव तिने घालवलं नाही. मी घालवलं. एवढंच बोलले आणि उभी राहिले, कारण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. कुणीतरी पंखा बंद केला होता बहुतेक, किंवा मलाच काही ऐकू येत नव्हतं.

शालनमावशी उठली. बायांनी पाय आखडून तिला वाट दिली. मला वाटलं माझ्याकडे येतेय, मारेल, मारू दे. ती माझ्या शेजारून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. तुझ्या फोटोपुढे खाली बसली. मेणबत्तीची लांबलेली वात चिमटीने नीट केली, जशी तुझ्या चुलीपुढे बसून राख सारायची तशी. आणि एरवी शेजारणीशी बोलावं तशा आवाजात तिने विचारलं,

‘दवानं आवळती व्हय गं गाठ, कले?’